विश्लेषण : एक पैशाचे नाणे लाखमोलाचे की कवडीमोलाचे? जुन्या नाण्यांची किंमत ठरते कशी?

‘हे जुने नाणे तुमच्या घरात असेल तर तुम्ही लखपती’ अशा चित्रफिती मोबाइलवर सतत फिरत असतात. कधी वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे नाणे, कधी ट्रॅक्टरचे चित्र असलेली नोट, तर कधी साधा एक पैसा. दुसरीकडे, अमेरिकेत एका सेंटच्या नाण्याला कोट्यवधी रुपये मिळाल्याच्या बातम्या खऱ्याही असतात. मग छत्रपती संभाजीनगरातील एखाद्या घरात आजीच्या पितळी डब्यात पडून असलेल्या नाण्यांचे मोल किती? ते कोण ठरवते आणि कशावरून? या व्यवहारात सर्वसामान्य माणसाची फसगत नेमकी कुठे होते?

नाण्यांचा विषय आता चर्चेत का?

अमेरिकेने १२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीचे शेवटचे एक सेंटचे नाणे पाडले. १७९३ पासून सुरू असलेली परंपरा त्या दिवशी थांबली. कारण साधे होते. एक सेंटचे नाणे तयार करायला २०२४ च्या आर्थिक वर्षात ३.६९ सेंट खर्च येत होता. भारताने हा निर्णय फार पूर्वीच घेतला. ३० जून २०११ पासून २५ पैसे आणि त्याखालील सर्व नाणी चलनातून बाद झाली. म्हणजे एक पैशाचे दर्शनी मूल्य आज शून्य आहे. त्याला किंमत असेलच, तर ती फक्त संग्राहकाच्या नजरेत.

नेमक्या याच जागी फसवणूक करणारे शिरतात. व्यवहारात शून्य आणि बातमीत कोटी, या दोन टोकांमध्ये खरी किंमत कुठे बसते हे बहुतेकांना ठाऊक नसते.

जितके जुने तितके महाग, हे खरे का?

नाही. नाण्याचे वय आणि किंमत यांचा थेट संबंध नाही. याचे उत्तम उदाहरण शहराच्या वेशीवरच आहे. मुहम्मद बिन तुघलकाने १३२९-३० च्या सुमारास चांदीच्या तंक्याच्या बदल्यात पितळ-तांब्याची सांकेतिक नाणी चलनात आणली. त्यांतील काही दौलताबादच्या टांकसाळीत पाडली गेली. धातू स्वस्त आणि मूल्य चांदीचे असल्याने खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला आणि काही वर्षांतच योजना गुंडाळावी लागली. ही नाणी जवळपास सातशे वर्षांची आहेत. तरीही ती मोठ्या संख्येने टिकली, म्हणून साधी प्रत त्याच सुलतानाच्या सोन्याच्या नाण्याच्या तुलनेत अगदी स्वस्तात मिळते.

दुसरे उदाहरण शिवरायांच्या नाण्यांचे. १६७४ च्या राज्याभिषेकानंतरचा सोन्याचा होन अत्यंत दुर्मिळ. तांब्याची शिवराई मात्र पुढे पेशवाईतही पाडली जात राहिली आणि इंग्रजी अमलातही दीर्घकाळ वापरात होती. दोन्हींवर महाराजांचे नाव, पण एक संग्रहालयात जपण्याची वस्तू आणि दुसरी नाणी विकणाऱ्याकडे ढिगात सापडणारी.

याउलट अमेरिकेतील १९४३ चा सेंट फक्त ऐंशी-ब्याऐंशी वर्षांचा आहे. दुसऱ्या महायुद्धात तांबे दारूगोळ्यासाठी हवे होते, म्हणून त्या वर्षी सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडले गेले. त्यांची संख्या शंभर कोटींच्या पुढे होती. पण आदल्या वर्षीच्या काही काशाच्या चकत्या यंत्रात अडकून राहिल्या आणि त्यांच्यावरही १९४३ चा ठसा उमटला. असे सुमारे वीसच सेंट आज माहीत आहेत. त्यांपैकी डेन्व्हर टांकसाळीचा एकमेव नग २०१० मध्ये १७ लाख डॉलरला विकला गेला. तेव्हाच्या दराने ही रक्कम साडेसात कोटी रुपयांच्या पुढे जाते. त्याच वर्षाचा पोलादी सेंट मात्र आजही किरकोळ किमतीत मिळतो.

गंमत म्हणजे तांब्याच्या त्याच टंचाईमुळे भारतातही १९४३ मध्ये मधोमध भोक असलेला पैसा आला. अनेक घरांत तो अजून सापडतो. तो खूप पाडला गेला आणि खूप टिकला, म्हणून साधा नग स्वस्त आहे.

मग किंमत नेमकी कशावर ठरते?

तीन गोष्टींवर. पहिली, आज किती नग शिल्लक आहेत. किती पाडले होते हा आकडा उपयोगी असला तरी अपुरा आहे, कारण वितळलेली, हरवलेली आणि झिजलेली नाणी त्यातून वजा करावी लागतात. दुसरी, शिल्लक नगांपैकी हा नग कोणत्या अवस्थेत आहे. तिसरी, तो विकत घ्यायला किती जण तयार आहेत.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. जगात एकच नग आहे, पण घेणारा कोणी नाही, तर किंमतही नाही. पैठणच्या परिसरात मिळणारी सातवाहनांची शिसे आणि पोटीन या मिश्रधातूची नाणी दोन हजार वर्षांच्या आसपासची आहेत. अभ्यासकांसाठी ती अनमोल आहेत. पण झिजलेल्या, ठसा न वाचता येणाऱ्या नगासाठी बोली लावणारे मोजकेच असतात.

कधी एका अक्षरानेही फरक पडतो. १९०९ मध्ये अमेरिकेत लिंकनचे चित्र असलेला नवा सेंट आला. मागच्या बाजूला कलाकाराची व्ही.डी.बी. ही आद्याक्षरे होती. ती काही दिवसांतच काढून टाकण्यात आली. तोवर फिलाडेल्फियात सुमारे २ कोटी ८० लाख नग पाडून झाले होते, सॅन फ्रान्सिस्कोत फक्त ४ लाख ८४ हजार. दोन्हींत फरक सालाखालच्या ‘एस’ या बारीक अक्षराचा. किमतीत मात्र कित्येक पटींचा.

भारतीय नाण्यांवरही अशी खूण असते. सालाखाली हिऱ्यासारखा चौकोन असेल तर नाणे मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, गोल ठिपका असेल तर नोएडाचे आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे, अशी ढोबळ ओळख. जुन्या काळात खुणा थोड्या बदलत गेल्या, पण एकाच सालाचे एकाच रूपाचे नाणे एका टांकसाळीचे मुबलक आणि दुसरीचे दुर्मिळ असू शकते, हा नियम इथेही लागू आहे.

१ ते ७० ही गुणांची पट्टी काय आहे?

नाण्याची अवस्था पूर्वी ‘चांगली’, ‘उत्तम’, ‘अतिउत्तम’ अशा शब्दांत सांगत. विकणाऱ्याचे ‘उत्तम’ घेणाऱ्याला ‘बरे’ वाटे. यावर उपाय म्हणून अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये १ ते ७० अशी पट्टी मांडली. ती तयार झाली तीच मुळी जुन्या एक सेंटच्या तांब्याच्या नाण्यांसाठी. जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याला १ आणि निर्दोष नाण्याला ७०. कल्पना अशी की, १ गुणाच्या नाण्याची किंमत १ डॉलर धरली तर ७० गुणांच्या नाण्याची ७० डॉलर.

किमतीचे हे गणित काही वर्षांतच कोलमडले. उत्तम नाण्यांची मागणी इतकी वाढली की वरच्या गुणांची किंमत सरळ रेषेत न जाता उंच उडाली. आकड्यांची पट्टी मात्र टिकली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पीसीजीएस आणि एनजीसी या खासगी संस्था सुरू झाल्या. त्या नाणे तपासतात, गुण देतात आणि पारदर्शक कठीण डबीत सीलबंद करतात. विकणारा आणि घेणारा या दोघांपलीकडचा तिसरा पंच, असे त्यांचे स्वरूप आहे. भारतातील मोठ्या लिलावांतही आता अशा डबीतील नाणी दिसतात.

यातील ६० ते ७० हे अकरा टप्पे ‘कधीच न वापरलेल्या’ नाण्यांसाठी राखीव आहेत. नाणे कुणाच्या खिशात गेले नाही, तरी टांकसाळीच्या पोत्यात एकमेकांवर आपटून त्यावर बारीक व्रण पडतात. व्रण किती, कुठे, ठसा किती ठळक आणि चमक किती शाबूत यावर ६२ की ६६ हे ठरते. तांब्याच्या नाण्यांना त्याशिवाय रंगाचा शेरा असतो. टांकसाळीतून निघालेला लालसर रंग पूर्ण टिकला तर ‘लाल’, अर्धवट टिकला तर ‘लाल-तपकिरी’ आणि उरला नाही तर ‘तपकिरी’.

एका गुणाने किंमत इतकी का बदलते?

एक काल्पनिक गणित पाहू. समजा एका साली एका नाण्याचे १० लाख नग पाडले. आज त्यातील १ लाख शिल्लक आहेत. न वापरलेले १ हजार. त्यातही मूळ लाल रंग टिकलेले १००. आणि जवळपास निर्दोष, ६७ गुणांचे फक्त ५.

झिजलेला नग हवा असणाऱ्याला ९९ हजार पर्याय आहेत. त्याची किंमत चहाच्या कपाइतकी असू शकते. पण ‘सर्वांत उत्तम नगच हवा’ असे म्हणणारे आठ श्रीमंत संग्राहक असतील, तर पाच नगांसाठी आठ जणांची चढाओढ लागते. नाणे तेच, साल तेच, टांकसाळ तीच. दुर्मिळ आहे ती अवस्था. म्हणून ६६ आणि ६७ या दोन आकड्यांत, साध्या डोळ्यांना जवळपास सारख्याच दिसणाऱ्या नाण्यांत, किमतीचा मोठा खड्डा तयार होतो.

या गणिताला धोकाही आहे. ‘पाचच’ हा आकडा म्हणजे आतापर्यंत तपासलेले नग. उद्या एखादे न उघडलेले पोते निघाले तर? अमेरिकेत हे घडले आहे. न्यू ऑर्लिन्स टांकसाळीचा १९०३ चा चांदीचा डॉलर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे १५०० डॉलरचा मानला जाई. १९६२ च्या अखेरीस सरकारी तिजोरीतून त्याच्या पिशव्याच बाहेर आल्या आणि किंमत काही डझन डॉलरवर आपटली. ज्यांनी त्याआधी घेतला होता, त्यांच्या हाती नाणे तेच राहिले, पैसे गेले.

भारतीय एक पैशाची स्थिती काय?

१ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान पद्धत आली आणि रुपयाचे १०० ‘नये पैसे’ झाले. पहिले एक नया पैशाचे नाणे काशाचे, १६ मिलिमीटर व्यासाचे आणि दीड ग्रॅम वजनाचे होते. नंतर निकेल-पितळेचे आले. १९६४ मध्ये ‘नया’ हा शब्द गळाला आणि १९६५ पासून पाऊण ग्रॅमचे चौकोनी ॲल्युमिनियमचे नाणे आले. सत्तरच्या दशकात ते व्यवहारातून हळूहळू दिसेनासे झाले.

ही नाणी मुंबई, कोलकाता आणि हैदराबाद येथे मोठ्या संख्येने पाडली गेली. त्यामुळे साधा, वापरलेला नग दुर्मिळ नाही. पण ती जपून ठेवण्यासारखी आहेत असे तेव्हा फारसे कुणाला वाटले नाही. काशाचा पैसा दमट हवेत काळवंडला. ॲल्युमिनियम मऊ, त्यावर ओरखडे पटकन उठतात. म्हणून मूळ रंगाचा, व्रण नसलेला १९५७ चा नया पैसा शोधणे हे झिजलेला शोधण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे. मात्र अमेरिकी सेंट जमवणारे लाखोंच्या घरात आहेत, एक पैशाच्या वरच्या अवस्थेसाठी झुंजणारे भारतात तुलनेने थोडे. अवस्थेतील दुर्मिळता इथेही आहे, पण तिला पैसा देणारी गर्दी अजून तितकी नाही.

मराठवाड्यातील ‘हाली सिक्का’ला किंमत आहे का?

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचे स्वतंत्र चलन होते. हाली सिक्का या नावाने ते ओळखले जाई. भारतीय रुपया आल्यानंतरही १९५९ पर्यंत ते पूर्णपणे बाद झाले नव्हते. त्यामुळे इथल्या जुन्या घरांत चारमिनारचा छाप असलेली चांदीची नाणी आणि तांब्याच्या दोन पै हमखास निघतात.

यातील चांदीच्या रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम असून त्यात ८१.८ टक्के चांदी असे. म्हणजे नऊ ग्रॅमच्या आसपास शुद्ध चांदी. चाळीसच्या दशकात चांदीचे प्रमाण निम्म्यावर आले. इंग्रजी अमलातील रुपयात १९४० पर्यंत सुमारे ९१.७ टक्के चांदी होती, नंतर निम्मी, आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा. चांदीच्या नाण्याला धातूच्या भावाचा तळ असतो. त्याखाली ते सहसा जात नाही. पण सराफ फक्त वजन पाहतो. साल, टांकसाळ किंवा अवस्था दुर्मिळ असेल, तर ते नाणे तराजूवर विकणे म्हणजे तोटाच.

नाणी घासून चकचकीत केली तर भाव वाढतो का?

उलट पडतो, आणि हीच घरोघरी होणारी सर्वांत महाग चूक आहे. लक्ष्मीपूजनाच्या आधी डब्यातली नाणी चिंच-मीठ, लिंबू किंवा भांड्यांच्या पावडरीने घासण्याची पद्धत आहे. पूजेसाठी ते ठीक, संग्रहासाठी घातक.

कारण तांत्रिक आहे. टांकसाळीत ठसा प्रचंड दाबाने आदळतो तेव्हा धातू बाहेरच्या दिशेला सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा तयार होतात. नाणे तिरपे फिरवले की प्रकाश चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो, तो या रेषांमुळे. आम्ल त्या रेषा खाते आणि पावडर त्या खरवडते. नाणे चकाकते, पण ती चकाकी वेगळी असते आणि जाणकाराला लगेच कळते. गेलेल्या रेषा पुन्हा आणता येत नाहीत. साध्या मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांमुळेही कालांतराने तांब्यावर हिरवट चिकट थर येतो.

मग ‘दहा लाखांना विकले’ या जाहिराती काय असतात?

इथे मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांतला फरक कळीचा आहे. संकेतस्थळावर कुणीही कोणत्याही नाण्याला दहा लाखांची पाटी लावू शकतो. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. लिलावात प्रत्यक्ष बोली लागून झालेला व्यवहार हाच भाव. वैष्णोदेवी श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २०१२ मध्ये निघालेली पाच आणि दहा रुपयांची नाणी चलनासाठीच पाडलेली आहेत. साधा नग लाखात जाण्याचे काही कारण नाही.

फसवणुकीची पद्धत ठरलेली असते. मालकाने नाण्याचे छायाचित्र पाठवले की ‘पाच लाख देतो’ असे उत्तर येते. मग नोंदणी शुल्क, कर, कमिशन, कुरिअर, विमा अशा नावांनी एकेक रक्कम मागितली जाते. विश्वास बसावा म्हणून रिझर्व्ह बँकेच्या बोधचिन्हाचे बनावट पत्रही येते. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी याबाबत स्पष्ट इशारा दिला आहे. बँक जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत नाही, त्यासाठी कोणतेही शुल्क घेत नाही आणि तसे शुल्क घेण्याचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. ओळखायची खूण एकच पुरेशी आहे. खरा खरेदीदार विकणाऱ्याला पैसे देतो, त्याच्याकडून आधी मागत नाही. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तातडीने तक्रार करावी.

शेतात किंवा पाया खणताना नाणी सापडली तर?

ती आपोआप सापडणाऱ्याची होत नाहीत. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. लपवल्यास सापडणाऱ्याचा हिस्सा जातो आणि शिक्षाही होऊ शकते. कायद्याने मालक ठरला नाही, तर सर्वसाधारणपणे तीन चतुर्थांश हिस्सा सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाला मिळतो. सरकार ठेवा स्वतःकडे घेऊ शकते, पण त्याचा मोबदला द्यावा लागतो.

शिवाय १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुने नाणे पुरावशेष ठरते. ते खासगी व्यक्तीला परदेशात पाठवता येत नाही आणि अशा वस्तूंच्या विक्रीच्या व्यवसायाला परवाना लागतो. परदेशी ग्राहकाला कुरिअरने जुने नाणे पाठवायला सांगणारा ‘दलाल’ विकणाऱ्यालाच गुन्ह्यात ओढत असतो. दौलताबाद, पैठणसारख्या परिसरात सापडलेले नाणे कुठे, किती खोल, कशासोबत मिळाले ही माहिती नाण्याइतकीच मोलाची असते. ढीग वाटून विकला की ती कायमची जाते.

घरात जुनी नाणी असतील तर काय करावे?

नाणी घासू नयेत. कडेला धरून हाताळावीत. एकेक वेगळे, कोरड्या कागदी पाकिटात ठेवावे. साल, टांकसाळीची खूण, वजन आणि धातू टिपून घ्यावा. लोहचुंबक जवळ न्यावे. १९४३ च्या पोलादी सेंटला तांब्याचा मुलामा देऊन ‘दुर्मिळ काशाचा सेंट’ म्हणून विकण्याचा प्रकार या साध्या चाचणीत उघडा पडतो. होनाच्या प्रतिकृती आज स्मृतिचिन्ह म्हणून सर्रास मिळतात, त्यामुळे ‘घरात सापडलेला होन’ तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय खरा मानू नये.

भाव पाहायचा असेल तर परवानाधारक लिलावगृहांचे पूर्ण झालेल्या लिलावांचे निकाल पाहावेत. एकाच दुकानदाराच्या शब्दावर न जाता दोन-तीन ठिकाणी विचारावे. नाण्यांचा अभ्यास करायचा असेल तर नाशिकजवळ अंजनेरी येथील १९८० मध्ये स्थापन झालेली नाणेशास्त्र संशोधन संस्था आणि मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे मुद्रा संग्रहालय ही राज्यातील दोन महत्त्वाची ठिकाणे आहेत.

बहुतेक डब्यांतून लाख रुपये निघणार नाहीत. चांदी असेल तर चांदीचा भाव, तांबे-काशाचा साधा नग असेल तर थोडेफार रुपये, हीच सर्वसाधारण स्थिती आहे. क्वचित एखादे नाणे वेगळे निघते. ते ओळखायला वेळ आणि जाणकार लागतो, ‘आजच शुल्क भरा’ म्हणणारा फोन नव्हे.